अज्जांच्या अफूचा परवाना

ईरा आणि ओंकार,

गेल्या रविवारी फोनवर ईरानं सांगितलं, की तिच्या शाळेत कुणी पोलीसबाई येऊन मुलांशी अमली पदार्थांविषयी बोलून गेल्या. मग तिनं सहज विचारलं, "अज्जी, आपल्या घरात असलं कधीच कुणी नव्हतं ना?" आणि मी म्हणाले, "जेवलात का गं?" तीस वर्षं मी मुलींना इंग्रजी शिकवलं. प्रश्नाला प्रश्नानं उत्तर देणारीला मी बाकावर उभी करत असे. त्या रविवारी बाकावरची जागा माझी होती. म्हणून आज टेबल पुसून, पेनात शाई भरून बसले आहे. उत्तर असं आहे, की होतं. आपल्या घरात रोज सकाळी आठ वाजता आणि दुपारी चार वाजता होतं, आणि ज्यांना होतं ते आपल्या घरातले सगळ्यांत सज्जन गृहस्थ होते. तुमच्या बाबांना यातलं अर्धंच ठाऊक आहे. अर्धं ठेवून जावं असं आता माझं वय राहिलेलं नाही.

सोलापूरच्या भवानी पेठेत आमचं रंगाचं दुकान होतं. खाली दुकान, वर आम्ही. अव्वा म्हणजे माझी आई, अप्पा म्हणजे वडील, आणि अज्जा म्हणजे अप्पांचे वडील. घरात आम्ही मराठी बोलत असू, पण नाती आणि रागावणं कानडीत असे. चादरी विणणाऱ्यांना सूत रंगवायला लागणारे रंग आम्ही विकायचो, त्यामुळे घरात कशालाही बोट लावलं तरी बोट रंगायचं. अप्पांच्या नखांच्या कडा मी कधीच स्वच्छ पाहिल्या नाहीत; सणासुदीला हुग्गी खायला बसले, तरी त्या गव्हाच्या गुळमट खिरीशेजारी त्यांची नखं हिरवी किंवा किरमिजी दिसायची. शेजारच्या गल्लीत दिवसभर माग चालत. त्या खडखडाटाची इतकी सवय, की दुपारी जेवणाच्या सुट्टीत माग थांबले की आम्ही दचकून एकमेकांकडे बघायचो आणि उगाच हळू आवाजात बोलायला लागायचो. त्याच सुमाराला अव्वाच्या भाकरीची थापट ऐकू यायची. कडक भाकरी, शेंगांची चटणी, त्यावर कच्चं तेल आणि सोबत एखादी कांद्याची पात. तुम्हाला डब्यातून जी चटणी पाठवते ती अव्वाच्याच पद्धतीची, फक्त तिखट निम्मं.

अप्पांचं नाव होतं ते छटांसाठी. गिऱ्हाईक सुताचा एक तुकडा घेऊन येई, हाच रंग पाहिजे म्हणे, आणि अप्पा तो हुबेहूब जुळवून देत. भिंतीवर पुठ्ठे टांगलेले असायचे. प्रत्येक पुठ्ठ्यावर एकाच रंगाच्या बारा लडी, गडदापासून फिक्यापर्यंत. ही विद्या मुळात अज्जांची. ते वळसंगच्या एका शेतकरी घरातून पोरवयात सोलापुरात आले आणि रंगाऱ्यांच्या हाताखाली शिकले. ते म्हणत, "शेजारच्या दोन लडीत फरक दिसला की पुट्टा वाया गेला. पैली न् शेवटची शेजारी धरली तरच कळलं पायजे, किती लांब आलो ते."

अज्जांचा दिवस घड्याळासारखा होता. पहाटे अंघोळ, कपाळाला विभूती, तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा, मग आठाच्या ठोक्याला एक काळपट गोळी आणि वर साय घातलेलं कपभर दूध. चार वाजता पुन्हा तसंच. घरात त्या गोळीला 'अज्जांचं औषध' म्हणत. तरुणपणी रंगाचं पिंप अंगावर पडून त्यांची कंबर मोडली होती, तेव्हा कुणा वैद्यानं ते चालू केलं, आणि वैद्य वारले तरी औषध चालूच राहिलं. गोळीनंतरचा अर्धा तास आम्हा दोघी बहिणींचा, म्हणजे गिरिजाअक्काचा आणि माझा. अज्जा भिंतीला टेकून बसत, डोळे अर्धे मिटलेले, आणि वळसंगच्या विहिरीच्या, बैलांच्या, बेरकी पाटलाच्या गोष्टी सांगत. ते कधी कुणावर ओरडले नाहीत. पेठेतली भांडणं सोडवायला लोक त्यांनाच बोलवायला येत. त्याच पेठेत दारू पिऊन पडणाऱ्या एका विणकराला पोरं दगड मारत, आणि गांजा ओढणाऱ्या साधूच्या पाया पडायला बायका रांग लावत. कुणाला काय म्हणायचं हे पेठेनं फार पूर्वीच ठरवून टाकलं होतं, आणि ते कशावरून ठरवलं हे कुणी विचारत नसे. मीही विचारलं नाही.

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. शाळा इंग्रजी माध्यमाची झाली होती, आणि पेठेत तेवढं इंग्रजी येणारी मी एकटीच, त्यामुळे माझं डोकं जरा वरच होतं. त्या वर्षी कॉलेजात इंग्रजी निबंधाची स्पर्धा झाली. विषय होता नशेचं संकट आणि समाजाचं कर्तव्य. मी नऊ पानं लिहिली. व्यसनी माणूस म्हणजे समाजाच्या अंगावरचं गळू, ते कापूनच काढलं पाहिजे, असं एक वाक्य होतं. निश्चय केला तर कुणीही एका दिवसात सोडू शकतो, जो सोडत नाही तो मुळातच दुबळा, असं दुसरं. पहिलं बक्षीस, चांदीच्या पाण्याचा कप. घरी येऊन मी सगळ्यांना निबंधाचं मराठी करून वाचून दाखवलं. अज्जा नुकतेच औषध घेऊन बसले होते. शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकलं, मग म्हणाले, "छलो लिवलीस, शैलव्वा. अक्षर बी चांगलं काडलं आसशील." छलो म्हणजे छान. एवढंच. अव्वा मात्र पदरानं तोंड पुसत उठून स्वयंपाकघरात गेली, ते का, हे मला पुढे पंधरा दिवसांनी कळलं.

पंधरा दिवसांनी एक सरकारी पत्र आलं. इंग्रजी असल्यामुळे अप्पांनी ते माझ्या हातात दिलं, आणि देताना माझ्याकडे बघितलं नाही. मी मोठ्यानं वाचायला लागले आणि दुसरी ओळ मनातल्या मनात पुन्हा वाचली. अज्जांच्या नावाचं पत्र होतं. नोंदणीकृत अफू सेवन करणारे गृहस्थ, परवान्याच्या नूतनीकरणासाठी येत्या गुरुवारी वैद्यकीय मंडळासमोर स्वतः हजर राहावे. तोवर दरवर्षी एक ओळखीचा कारकून घरबसल्या शिक्का मारून आणायचा. आता ते बंद झालं होतं. तुम्हाला नवल वाटेल, पण त्या काळी जुन्या अफू खाणाऱ्यांची नावं सरकारच्या वहीत असत. नवी नावं घेत नसत. जुन्यांना डॉक्टरांच्या शिफारशीनं दर महिन्याला ठरलेली अफू ठरलेल्या दुकानातून मिळे. आमच्या भिंतीला टेकून बसणारे, विहिरीच्या गोष्टी सांगणारे अज्जा त्या वहीत होते, आणि त्यांना समोर बसवून मी त्यांना गळू म्हटलं होतं.

माणसानं अशा वेळी लाजेनं गप्प बसावं. मी सतरा वर्षांची होते, मी चिडले. त्यातच पुढच्या आठवड्यातल्या रविवारी गिरिजाअक्काला बघायला बार्शीचे लोक येणार होते, अडतीचे व्यापारी, घराणं मोठं. अप्पा म्हणाले, "त्या रांगेत माझ्या बापानं उभं राहायचं? पेठ बघणार. बार्शीला कळायला दोन दिवस पुरतात." आणि मग माझ्याकडे वळून त्यांनी खऱ्याखुऱ्या आशेनं विचारलं, "शैला, तू लिहिलंयस ना, एका दिवसात सुटतं म्हणून?"

"सुटतं," मी म्हणाले. "निश्चय पाहिजे फक्त."

"त्यांच्याच्यानं निश्चय व्हायचा नाही," अव्वा म्हणाली.

"मग आपण करू त्यांच्यासाठी," मी म्हणाले. हे वाक्य मी आयुष्यात पुन्हा कधी कुणासाठी उच्चारलं नाही.

तर तो गुरुवार आम्ही जाऊ दिला, आणि पुढच्या सोमवारपासून डबीतल्या गोळ्या बदलल्या; खऱ्या मी मोरीत ओतून टाकल्या. ही चूक कुठल्याही घरात झाली असती, पण ती ज्या तऱ्हेनं झाली ती फक्त रंगवाल्यांच्याच घरात होऊ शकते. अप्पांनी काळा गूळ, हिरडा आणि कसलासा कडू पाला घोटून नकली गोळी बनवली आणि तिचा रंग जुळवायला अख्खा रविवार घातला. एक गोळी उजेडात धरली, नाक मुरडलं, थेंबभर काथ घातला. पुन्हा धरली. संध्याकाळी खरी आणि खोटी शेजारी ठेवून आम्हाला ओळखायला सांगितलं. अव्वाला ओळखता आली नाही, मला आली नाही. अप्पांचा चेहरा असा फुलला होता, जसा एखादा अवघड गुलबक्षी जमल्यावर फुलायचा. आपण काय करतोय हे त्या चेहऱ्यावर कुठेच नव्हतं.

सोमवारी सकाळी आठ वाजता अज्जांनी गोळी तोंडात टाकली, जिभेवर जरा घोळवली आणि दूध प्यायले. चार वाजता पुन्हा घेतली. रात्रीपर्यंत त्यांना एकसारख्या जांभया येत होत्या आणि नाका-डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मंगळवारी अंगावर काटा, पायात गोळे, पोटात मुरडा. अज्जा भर उन्हात गोधडी घेऊन बसले होते. "हवा बदललीय," ते म्हणाले. अक्का पाय चेपत होती, मी दुसऱ्या खोलीत पुस्तक उघडून बसले होते आणि एक ओळही वाचत नव्हते. निश्चय म्हणजे हा का? बुधवारी दुपारी माग जेवणासाठी थांबले, आणि त्या शांततेत आम्हाला न्हाणीघरात काहीतरी पडल्याचा आवाज आला.

पेठेतले आमचे डॉक्टर आले. त्यांनी नाडी बघितली, जीभ बघितली, डबी उघडून एक गोळी चाखली आणि थुंकली. "हे शहाणपण कुणाचं?"

अव्वानं डबी उचलून पदराखाली घेतली.

"सत्तरीच्या पुढचा माणूस, चाळीस वर्षांची सवय, आणि तुम्ही एका सकाळी दोर कापलात? त्यांचं काळीज थांबलं असतं. अहो, भाड्याच्या बैलाला तरी असं कुणी करत नाही."

गोधडीतून अज्जांचा बारीक आवाज आला, "त्यांना बोलू नका, डाक्टर. पोरांनी मन लावून केलंय. रंग तर लई झकास जमलाय."

"अज्जा, तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"सोमवारीच कळलं की. जीब हाय का चामडं? म्हटलं, एवढा दिवसभर खपून केलंय, तर बगू जमतंय का. न्हाय जमलं." आणि माझ्याकडे बघून जणू माफी मागत असल्यासारखं म्हणाले, "तुज्या निबंदातल्यासारका घट्ट न्हाय मी, शैलव्वा."

ईरा, मला बक्षिसं पुष्कळ मिळाली आणि बोलणीही पुष्कळ बसली. त्या एका वाक्याइतकं दुसरं काहीच आतवर गेलं नाही.

डॉक्टर मीठ-साखरेचं पाणी लिहून देऊन म्हणाले, की अफू आत्ता द्यावीच लागेल आणि पुढे हळूहळू कमी करता येईल, पण परवान्याशिवाय ते स्वतः काही करू शकत नाहीत. उद्या गुरुवार होता, मंडळ बसायचा वार. अप्पांनी खाली मान घालून सांगितलं, की स्टेशनच्या मागे एक माणूस चोरून विकतो, तासाभरात आणतो. त्यावर अज्जा कोपरावर रेलून उठले. "चोरीची मी खानार न्हाय. आजवर कागदावर खाल्ली, कागदावरच खाईन. न्हायतर मग मरू द्या."

"पेठ बघेल, अज्जा," अप्पा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "रविवारी बार्शीचे येणार."

गिरिजाअक्का पाय चेपता चेपता म्हणाली, "बार्शीचे अज्जांना बघायला येतायत की मला? शैला, तू ने त्यांना. तुला वाचता येतं."

गुरुवारी सकाळी टांगा दारात आला. अव्वानं थर्मासमध्ये दूध भरलं, एक जास्तीचं धोतर पिशवीत घातलं. अज्जांनी हट्टानं विभूती लावली, पांढरा सदरा घातला, डोक्याला रुमाल बांधला. त्यांना दोन बाजूंनी धरून आम्ही जिना उतरवला तेव्हा अख्खी गल्ली उंबऱ्यात उभी होती. समोरच्या नरसक्का, मागावर बसणाऱ्या, तोंडाळ म्हणून प्रसिद्ध. त्या ओरडल्या, "काय हो अज्जा, नवरदेवावानी नटून कुटं निघालाव?" मी टांगेवाल्याला हळूच म्हटलं, चल लवकर. पण अज्जांनी हात वर केला, टांगा थांबवला, आणि जितका आवाज उरला होता तेवढ्यानं सांगितलं, "अफू आनायला चाललोय, नरसक्का! तुमाला काय आनू?"

मग नरसक्का खो खो हसत सुटल्या. "आना की गुंजभर, माजा नवरा तरी गप पडंल!" गल्ली हसली. तुम्हाला सांगते, चाळीस वर्षं जी गोष्ट आमच्या घरानं पदराखाली झाकली होती ती टांग्यावर उघडी बसली होती, आणि आभाळ कोसळलं नव्हतं. मी अज्जांचा हात धरला. ते हसत होते.

कचेरीच्या व्हरांड्यात एक लांब बाक होता आणि त्यावर सहा-सात म्हातारे. अंगावर घोंगडी घेतलेला सांगोल्याकडचा एक मेंढपाळ, मागावर आयुष्य गेलेले एक मुसलमान चाचा, पाठीतून वाकलेला एक जुना पैलवान. माझ्या निबंधातली गळवं ही. सगळे एकमेकांना सरकून जागा करून देत होते. अज्जांना बघून मेंढपाळ उठला आणि म्हणाला, "बसा बाबा, तुमाला तर लईच वडलंय."

आमची पाळी आल्यावर साहेबांनी वही उघडली, बोट फिरवलं आणि मान हलवली. "मागच्या गुरुवारी आला नाहीत. नाव कमी झालं. पुढचा."

"साहेब, पत्रात..."

"बाई, या अफूबाजांचे लाड करायला आम्ही बसलेलो नाही. नाव गेलं की गेलं."

मी पिशवीतून पत्र काढलं. शाळेत शिकवलं होतं, की वाचताना ताठ उभं राहायचं आणि पूर्णविरामाला थांबायचं. मी ताठ उभी राहिले आणि पत्राची शेवटची ओळ इंग्रजीत, पूर्णविरामासकट, अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशी वाचली. आजारपणामुळे येऊ न शकणाऱ्याला पुढच्या गुरुवारी हजर होता येईल, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. साहेबांनी पत्र हातात घेऊन स्वतः वाचलं. मग चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता, त्यानं स्वतःचंच पत्र कधी शेवटपर्यंत वाचलं नव्हतं, इतकंच. "आजारपण होतं?"

"हे काय समोर आहे," मी म्हणाले.

आत मंडळाचे मोठे डॉक्टर बसले होते. त्यांनी अज्जांना तपासलं आणि मलाच विचारलं, "एकदम बंद कुणी केली?" बाहेर बाकावरचे सगळे दारातून डोकावत होते. नकली गोळ्या अप्पांनी केल्या होत्या, पण करायला कुणी लावलं ते मला माहीत होतं. "मी," म्हणाले. "मला वाटलं होतं, निश्चय केला की सुटते." त्यांनी परवाना पुढे ओढला. मग म्हणाले, "खरं बोलणारे नातेवाईक इथे कमी येतात," आणि परवान्यावर सही केली. वर स्वतःच्या हातानं एक ओळ जोडली: मात्रा टप्प्याटप्प्यानं, रोग्याच्या संमतीनं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करावी.

शिक्का पडला तो आवाज मला अजून ऐकू येतो. मी कागद उंच धरून बाहेर आले, जणू पुन्हा कप मिळाला होता, आणि बाकावरच्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मेंढपाळानं कनवटीचा घामट कागद काढून पुढे केला, "बाई, माजा बी वाचा की. तीन वर्सं झाली, काय लिवलंय म्हाईत न्हाय." चाचा म्हणाले, "बेटी, मेरा बी जरा पढ ना." अज्जांचं औषध होऊन त्यांच्या गालावर जरा रंग परतेपर्यंत आम्हाला थांबायचंच होतं. मी त्या बाकावर बसले आणि सगळ्यांचे कागद वाचले. चाचांच्या कागदात चूक होती, वय वीस वर्षांनी कमी पडलं होतं. ती मी साहेबांकडून दुरुस्त करून घेतली. त्यांनी मुकाट्यानं केली.

रविवारी बार्शीचे आले. बातमी त्यांच्या आधी पोचली होती. पोहे खाल्ले, अक्काला दोन प्रश्न विचारले, अज्जांकडे तिरक्या नजरेनं बघितलं आणि 'कळवतो' म्हणून गेले. कळवलं नाही. अप्पा दोन दिवस जेवले नाहीत. अक्का मात्र उरलेल्या शेंगापोळ्या एकेक करून संपवत म्हणाली, "बरं झालं. त्या मुलाच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. आयुष्यभर मी काय भिंतीशी बोलणार होते?"

अप्पांची भूक परत आणली ती अज्जांनी. तिसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना खाली दुकानात बोलावलं आणि भिंतीवरचा निळा पुठ्ठा काढून अप्पांच्या मांडीवर ठेवला. "आता कमी करू. पन तुज्या विद्येनं कर. शेजारच्या दोन लडीत फरक दिसता कामा न्हाय." अप्पा बोटानं लडी मोजायला लागले आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर तो रविवारचा फुलोरा पुन्हा उमटला, या वेळी खरा. परवान्याच्या अफूचं पाण्यात द्रावण करायचं, रंगाच्या मापानं मोजायचं आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या दराने थेंबाथेंबानं फिकं करत न्यायचं. दर शनिवारी डॉक्टर येऊन तपासत. तक्ता मी आखला: तारीख, छटा, झोप, भूक, पायातले गोळे. हे मुद्दाम लिहिते, कारण तुम्ही हुशार आहात आणि हुशार माणसं असले प्रयोग एकट्यानं करतात; आम्ही एकही पायरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरलो नाही.

सोपं नव्हतं. पाचव्या छटेला अज्जांना आठ रात्री झोप नव्हती, आम्ही चौथ्या छटेवर परतलो. मला वाटलं, हरलो. अप्पा म्हणाले, "अगं, रंग बसला नाही तर सूत पुन्हा बुडवतात. त्याला हरणं म्हणत नाहीत." पावसाळा गेला, दिवाळी गेली. संक्रांतीच्या सुमाराला अकरावी छटा आली तेव्हा अज्जांनी एक अट घातली: "शेवटची कदी येती ते मला सांगू नका. मीच परवानगी देतोय, तवा ही फसवनूक न्हवं." आणि एका सकाळी आठ वाजता भांडं हातात घेऊन त्यांनी विचारलं, "आज किती हाय यात?"

मी तक्ता मिटला. "पाणी आहे, अज्जा. आज नववा दिवस. नुसतं पाणी."

त्यांनी भांडं उजेडात धरलं. मग घटाघटा प्यायले, भांडं उपडं करून दाखवलं आणि कानडीत म्हणाले, "साकु." पुरे. अप्पा लहान पोरासारखे जिना उतरून गल्लीत धावले आणि नरसक्कांच्या दारात ओरडले, "सुटली! अज्जांची सुटली!" एकामागून एक माग थांबत गेले. त्या दिवशी अव्वानं पातेलंभर हुग्गी केली आणि ती गल्लीला पुरली नाही. परवाना परत करायला अज्जा स्वतः गेले, त्याच टांग्यातून, ताठ बसून. पुढे ते सात वर्षं जगले. कंबर दुखायची, कण्हायचे, डॉक्टरांच्या दुसऱ्या गोळ्या घ्यायचे, आणि गोष्टी आता चार वाजेपर्यंत न थांबता केव्हाही सांगायचे.

अफू कशी सुटली ते विचारायला लोक येऊ लागले. आधी अंधार पडल्यावर, मग दिवसाढवळ्या. आम्ही सगळ्यांना डॉक्टरांकडे नेत असू. सगळ्यांची सुटली नाही. मेंढपाळाची नाही सुटली, तो शेवटपर्यंत परवान्यावर राहिला आणि अज्जा त्याला दर खेपेला शेजारी बसवून जेवू घालत. वळसंगहून एक गृहस्थ भावासाठी विचारायला आले, तीन-चार फेऱ्या झाल्या, आणि पाचव्या खेपेला भावाऐवजी मुलाला घेऊन आले. मुलगा बोलका होता. गिरिजाअक्काच्या लग्नात अज्जा सगळ्यांना सांगत होते, "औषद इचारायला आले न् सून घेऊन गेले!"

ईरा, तुझ्या पोलीसबाई चुकीचं बोलल्या असं मी म्हणत नाही. ती वस्तू वाईटच. मी फक्त एवढंच सांगते, की वस्तूबद्दल बोलताना माझ्यासारखं माणसाला बोलू नका. तो समोरच बसलेला असतो, आणि बहुतेक वेळा अक्षराचं कौतुक करतो.

मी मात्र त्या बाकावर दर गुरुवारी जात राहिले, कागद वाचायला. परवान्यांचा काळ संपल्यावर लोक दुसरे कागद आणू लागले, दवाखान्याचे, पेन्शनचे, कोर्टाचे, आणि बाकाची जागा आमच्या दुकानाच्या ओट्यानं घेतली. दुकान आता नाही, तिथे मोबाइलचं दुकान आहे. ओटा आहे. दर गुरुवारी सकाळी दहा ते बारा तिथे अजून कुणीतरी बसतं आणि जो येईल त्याचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवतं. सध्या गिरिजाअक्काची नात बसते.